गोदाकाठच्या अभ्यासिकेचे डिजिटल मॉडेल : वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यपद्धती

डिझाइन स्टुडिओचा विषय हाती पडला की बहुतेक विद्यार्थी दोन टोकांपैकी एका टोकाला जातात. काहीजण महिनाभर बटर पेपरवर रेखाटने करत राहतात आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळे मॉडेल एकदम उभे करतात. काहीजण पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडून खिडकीच्या चौकटीपर्यंत पोहोचतात आणि इतके काम झाल्यावर मूळ रचना बदलायला त्यांचे मन धजत नाही. दोन्ही प्रकारांत मॉडेल शेवटी चित्रापुरते उरते. येथे मांडलेल्या पद्धतीचा आधार एकच आहे : कोणत्याही टप्प्यावर मॉडेलमध्ये तेवढाच तपशील असावा, जेवढा त्या टप्प्यावरचा प्रश्न सोडवायला लागतो.

उदाहरणासाठी जुन्या नाशिकमधील एक कल्पित भूखंड घेऊ. गोदावरीच्या उजव्या काठावर, गल्लीतून घाटाच्या दिशेने उतरणारी, 9 मीटर रुंद आणि 24 मीटर खोल अशी ही जागा आहे. पश्चिमेला गल्ली, पूर्वेला नदी, उत्तरेला व दक्षिणेला शेजारच्या वाड्यांच्या भिंती. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही म्हण येथे पायांना जाणवते, कारण गल्लीच्या पातळीपासून मागच्या हद्दीपर्यंत जमीन 2.7 मीटर खाली जाते. विषय आहे साठ जणांची सार्वजनिक अभ्यासिका. 1840 पासूनची सार्वजनिक वाचनालयाची परंपरा असलेल्या आणि स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्यांनी अभ्यासिका भरून टाकलेल्या या शहरात असा विषय स्टुडिओत मिळणे अगदी स्वाभाविक आहे.

सॉफ्टवेअरची निवड

या निवडीवर फार वेळ घालवू नये. स्केचअपमध्ये वस्तुमान, म्हणजे इमारतीचा ढोबळ ठोकळ्यांचा आकार, भरभर उभे करता येते आणि त्याची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरते. राइनोमध्ये वक्र पृष्ठे, काटेकोर मापे आणि मॉडेलवरून रेषाचित्रे काढणे सोयीचे पडते. रेव्हिटमध्ये भिंत ही भिंत म्हणून आणि दरवाजा हा दरवाजा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे तलविन्यास (मजल्याचा आडवा नकाशा), छेद (इमारत उभी कापल्यावर दिसणारे चित्र) आणि तक्ते परस्परांशी जुळलेले राहतात. मात्र हीच शिस्त आरंभीच्या चाचपडण्याच्या काळात जाचक ठरते. शिवाय ते केवळ विंडोजवर चालते आणि नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून गटाने काम करणाऱ्यांनी आवृत्ती आधीच ठरवून घ्यावी. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरे महाविद्यालयीन ओळख सिद्ध केल्यावर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात. ब्लेंडर पूर्णतः मोफत आणि रेंडरसाठी, म्हणजे मॉडेलवरून खरे भासणारे चित्र काढण्यासाठी, समर्थ आहे, परंतु मापात काम करण्याची सवय त्यात वेगळी लावून घ्यावी लागते. आपल्या अभ्यासिकेसाठी स्केचअप किंवा राइनो यांपैकी जे हाताला सरावाचे असेल ते घ्यावे आणि सत्राच्या मध्यावर बदलू नये.

जागा मॉडेलमध्ये आणणे

सर्वांत जास्त काळजी या टप्प्यावर घ्यावी, कारण येथे राहिलेली चूक पुढच्या प्रत्येक रेखाटनात उतरते. प्रथम एकक मिलिमीटर ठेवावे आणि ऑटोकॅडमधून आलेल्या नकाशातील एखादी प्रत्यक्ष मोजलेली लांबी, उदाहरणार्थ गल्लीकडची 9,000 मिलिमीटरची हद्द, मॉडेलमध्ये तेवढीच भरते का, हे पडताळावे. नकाशा भौगोलिक सहनिर्देशकांसह आला असेल, तर तो मूळबिंदूपासून शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतो. अशा अंतरावर पृष्ठे थरथरतात, कडा तुटक दिसतात आणि छेद नीट लागत नाहीत. भूखंडाचा एक कोपरा मूळबिंदूवर आणून ठेवावा आणि किती सरकवले याची नोंद फाइलमध्येच मजकूर म्हणून लिहावी.

परिसरासाठी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरील कार्टोसॅट उपग्रहाचे, किंवा अमेरिकेच्या एसआरटीएम मोहिमेचे, उंचीविषयक रास्टर (चौकोनांत विभागलेला नकाशा, ज्यात प्रत्येक चौकोनाला एक उंची असते) विनामूल्य मिळते. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ते यूटीएम या सहनिर्देशक पद्धतीच्या 43 उत्तर विभागात आणून त्यावरून समोच्च रेषा काढता येतात. नदीचे वळण, पंचवटीची बाजू आणि शहराचा एकूण उतार दाखवायला एवढी माहिती पुरेशी आहे. मात्र या रास्टरमधील एक चौकोन साधारण 30 मीटरचा असतो, म्हणजे आपला संपूर्ण भूखंड एकाच चौकोनात मावतो आणि त्याला एकच उंची मिळते. अशा माहितीवरून काढलेल्या गुळगुळीत समोच्च रेषा शीटवर सुंदर दिसतात, पण भूखंडापुरत्या त्या निव्वळ कल्पनाविलास असतात.

म्हणून भूखंडाच्या पातळ्या स्वतः मोजाव्यात. महाविद्यालयातील डम्पी लेव्हल (पातळ्या मोजण्याचे दुर्बिणीचे उपकरण) मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी यांवर काम भागते. गल्लीतून घाटाकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या असतील, तर त्या मोजाव्यात आणि प्रत्येक पायरीची उंची वेगळी घ्यावी, कारण झिजलेल्या जुन्या पायऱ्या क्वचितच सारख्या असतात. गल्लीतील एखादा न हलणारा बिंदू, जसे चेंबरचे झाकण किंवा ओट्याचा कोपरा, शून्य पातळी मानावा आणि सगळ्या उंच्या त्यावरून धराव्यात. मोजलेल्या बिंदूंवरून पृष्ठ तयार करताना सॉफ्टवेअर त्यांना त्रिकोणांनी जोडते. जेथे तिन्ही बिंदू एकाच समोच्च रेषेवर येतात तेथे खोटे सपाट तुकडे तयार होतात. तेथे मधली कड उलटवावी किंवा आणखी एक पातळी मोजून भरावी.

नदीकाठच्या जागेसाठी पूररेषेवाचून मॉडेल अपुरे आहे. जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणतः 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये असतात, तर आपले मॉडेल गल्लीतील शून्यावर बेतलेले असते, त्यामुळे जवळच्या एखाद्या ज्ञात पातळीच्या खुणेपासून आपल्या शून्यापर्यंतचा फरक काढणे आवश्यक ठरते. फरक मिळाला की दोन्ही पातळ्यांवर निळी आणि लाल अशी दोन अर्धपारदर्शक आडवी पृष्ठे मॉडेलमध्ये पसरावीत. नदीच्या पुराचे पृष्ठ प्रत्यक्षात प्रवाहाबरोबर उतरते असते, पण 9 मीटर रुंदीच्या भूखंडापुरते ते सपाट धरल्यास बिघडत नाही. याच्या जोडीला शेजाऱ्यांना विचारावे आणि भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजाव्यात. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी आले यावरून पूर सांगण्याची नाशिककरांची रीत आहे. त्या मूर्तीची पातळी आपल्या मॉडेलशी जोडली, तर लोकांनी सांगितलेल्या आठवणी थेट मापात उतरवता येतात.

शेजारचे वाडे तपशिलात काढण्याची गरज नाही. त्यांची उंची, कौलारू छपराचा उतार, मजल्यांच्या पातळ्या आणि आपल्या बाजूला उघडणाऱ्या खिडक्या एवढे पुरे. हा सगळा परिसर वेगळ्या फाइलमध्ये ठेवून कामाच्या फाइलला जोडावा, म्हणजे रोजची फाइल हलकी राहते. स्केचअपमध्ये रेषा आणि पृष्ठे यांना टॅग (दाखवण्या-लपवण्यासाठीची नावे) लावू नयेत. त्यांचे गट करून गटांना टॅग लावावेत. सामाईक भिंती, जमीन, पूरपातळी, पर्याय अशी सरळ मराठी नावे दिली तरी सॉफ्टवेअरची काही हरकत नसते आणि मध्यरात्री काम करताना ती पटकन सापडतात.

वस्तुमानाचे पर्याय

आता ठोकळे मांडावेत, आणि ठोकळेच मांडावेत. अभ्यासिकेत प्रत्येक वाचकामागे ये-जा धरून साधारण 2.3 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साठ जणांना सुमारे 138 चौरस मीटर. पुस्तकांचे दालन, प्रसाधनगृहे, कार्यालय आणि चप्पल-दप्तर ठेवण्याची जागा यांचेही क्षेत्रफळाच्या मापात ठोकळे करून प्रत्येकाला एकेक रंग द्यावा. भूखंड 216 चौरस मीटरचा आहे, त्यामुळे दोन-तीन मजले लागणार हे रंगीत ठोकळे शेजारी शेजारी ठेवताच दिसते. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दाट वस्तीच्या क्षेत्रासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्या वाचून अनुज्ञेय उंची व मोकळी अंतरे यांची एक पारदर्शक पेटी करावी आणि सर्व पर्याय त्या पेटीत बसवावेत.

दोन्ही लांब बाजूंना सामाईक भिंती आहेत, म्हणजे 24 मीटर खोलीच्या इमारतीत उजेड फक्त दोन टोकांकडून आणि वरून येणार. वाड्याने हा प्रश्न चौकाने सोडवला होता, आणि विद्यार्थ्याचा पहिला पर्याय चौकाचाच निघतो. तो जरूर मांडावा, पण त्याच्या बरोबरीने आणखी दोन मांडावेत : एक, एका सामाईक भिंतीला लागून लांबट फट ठेवणारा, दुसरा, गल्लीकडून नदीकडे गच्च्यांच्या टप्प्यांनी उतरणारा. प्रत्येक पर्यायाचा स्वतंत्र गट करून तो स्वतःच्या सीनमध्ये (जतन केलेल्या दृश्यात) ठेवावा आणि सर्व सीनमध्ये कॅमेरा एकाच जागी असावा, नाहीतर तुलना पर्यायांची न होता दृश्यांची होते.

ऊन तपासणे

नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. यावरून हाताने काढलेले आकडे आधी कागदावर लिहावेत आणि मग सॉफ्टवेअरची सावली त्यांच्याशी ताडून पाहावी. 21 डिसेंबरला भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे 46.6 अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी 70 अंशांवर, तर 21 जूनला तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. मे महिन्याच्या विशीच्या आसपास आणि जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत तो दुपारी अगदी माथ्यावर येतो. येथे ‘दुपार’ म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची आहे आणि नाशिक 73.8 अंशांजवळ, त्यामुळे नाशिकचा मध्यान्ह वर्षातील बराच काळ साडेबाराच्या पुढेमागे होतो. सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण बसवल्यावर कालविभाग साडेपाच तासांचा आहे ना, आणि मॉडेलची उत्तर दिशा होकायंत्राशी किंवा नकाशाशी जुळते ना, हे पाहिल्याशिवाय एकही सावलीचे चित्र शीटवर घेऊ नये.

चौकाच्या पर्यायाकडे वळू. समजा, चौकाचे उत्तर-दक्षिण माप 4.5 मीटर आहे आणि भोवतालच्या भिंती 10 मीटर उंच आहेत. डिसेंबरच्या मध्यान्ही दक्षिणेच्या भिंतीच्या माथ्यावरून येणारे ऊन समोरच्या उत्तरेकडील भिंतीवर माथ्यापासून साधारण 4.75 मीटर खालीपर्यंतच पोहोचते. तळमजल्यावर थेट ऊन त्या दिवसांत येतच नाही. हे वाईटच असे नाही. वाचायला थेट ऊन नकोच असते. पण विद्यार्थ्याने ‘उन्हाने उजळलेला चौक’ असे शीर्षक लिहिण्यापूर्वी हे माहीत असावे. याच चौकातल्या दक्षिणाभिमुख खिडकीवर 600 मिलिमीटरचा छज्जा दिला, तर विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली सुमारे 1,650 मिलिमीटर उतरते आणि 1,500 उंचीची खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात ती जेमतेम 635 मिलिमीटर उतरते. गल्लीकडील पश्चिमेच्या दर्शनी भागाला मात्र छज्जा फारसा उपयोगी नाही, कारण दुपारनंतरचे ऊन तिरपे, क्षितिजाजवळून येते. तेथे उभ्या पट्ट्या, खोल चौकटी किंवा जाळी यांचा विचार करावा.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सावलीचे चित्र थेट ऊन दाखवते, उजेडाची मोजणी करत नाही. वाचनाच्या टेबलावर 300 ते 500 लक्स (उजेडाचे एकक) लागतात आणि तेवढा उजेड पोहोचतो की नाही, हे राइनोतील ग्रासहॉपरसोबत चालणाऱ्या हनीबीसारख्या साधनाने तपासता येते. ते शिकण्याइतका वेळ नसेल, तर निदान चौकाच्या कडेपासून टेबलापर्यंतचे अंतर आणि त्या टेबलावरून आकाश दिसते का, एवढे मॉडेलमध्ये वाचकाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवून पाहावे.

छेद

माझ्या मते अशा उताराच्या जागेवर रचना तलविन्यासात घडत नाही. ती लांब छेदात घडते. म्हणून गल्लीपासून नदीपर्यंत जाणारे छेदपृष्ठ पहिल्या ठोकळ्यांपासूनच चालू ठेवावे आणि मॉडेल रोज त्याच्यासह उघडावे.

2.7 मीटरचा फरक छेदात पाहिला की काही गोष्टी आपोआप ठरतात. 150 मिलिमीटर उंचीच्या अठरा पायऱ्या लागतील. 300 च्या रुंदीने एका सरळ धावेत त्यांना 5.1 मीटर लांबी हवी आणि मधला चौथरा वेगळा. चाकाच्या खुर्चीसाठी 1 : 12 उताराची रॅम्प करायची म्हटले, तर नुसत्या उताराला 32.4 मीटर हवेत, म्हणजे भूखंडाच्या संपूर्ण खोलीपेक्षाही जास्त. हा आकडा कागदावर वाचून सोडून देता येतो. छेदात मात्र रॅम्प नदीच्या दिशेने हद्दीबाहेर गेलेली दिसते. यातून मार्ग दोन : गल्लीच्या पातळीवरच मुख्य वाचनकक्ष ठेवून खालची पातळी दुय्यम करणे, किंवा लिफ्ट देणे. पूरपातळीची पृष्ठे छेदात चालू असतील, तर खालच्या पातळीवर पुस्तके, विजेचे पॅनेल किंवा प्रसाधनगृहे ठेवावीत का, याचेही उत्तर त्याच चित्रात मिळते. तेथे नदीकडे उघडणारी, दगडी फरशीची, पाणी ओसरल्यावर धुऊन काढता येईल अशी पडवी शोभते.

याच टप्प्यावर खांबांची जाळी बसवावी. शेजारच्या जुन्या दगडी भिंतींचे पाये किती खोल आणि कसे आहेत हे बाहेरून कळत नाही, म्हणून नवे खांब सामाईक भिंतीला चिकटवण्यापेक्षा आत घ्यावेत आणि मजला भिंतीच्या दिशेने पुढे काढावा. तुळईची खोली मॉडेलमध्ये पहिल्यापासून धरावी. जिन्याच्या चौथऱ्याखाली डोक्याला किमान 2.2 मीटर जागा राहते का, हे तुळया काढल्याशिवाय समजत नाही आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, हटकून विचारले जाते.

पुन्हा कागदावर

दर आठवड्याला एकदा तरी मॉडेलचा छेद आणि तलविन्यास 1 : 100 मापात छापावेत, त्यावर बटर पेपर ठेवून हाताने दुरुस्त्या कराव्यात आणि मगच पडद्याकडे परतावे. पडद्यावर हवे तेवढे जवळ जाता येत असल्यामुळे मापाचे भान सुटते. कागदावर खुर्ची केवढी आणि भिंत केवढी हे डोळ्यांना लगेच कळते. हातातले मॉडेलही याच सुमारास करावे. समोच्च अंतर पुठ्ठ्याच्या जाडीवरून ठरवल्यास कापणी सोपी होते : 2 मिलिमीटरचा माउंटबोर्ड 1 : 200 मापात 0.4 मीटरची पातळी दाखवतो, म्हणून सॉफ्टवेअरमधून तेवढ्याच अंतराच्या समोच्च रेषा काढून घ्याव्यात.

तपशील आणि चित्रे

संपूर्ण इमारत तपशिलात काढण्याचा हट्ट धरू नये. चौकालगतचा एक गाळा (खांबांच्या दोन ओळींमधला भाग) निवडावा आणि जोत्यापासून छपरापर्यंत तेवढाच 1 : 20 ला शोभेल असा उभा करावा : काळ्या बेसाल्टचे जोते, विटेची भिंत, लाकडी किंवा पोलादी खांब, छज्जा, पन्हाळ, खिडकी आणि खिडकीतली बसायची जागा. बाकी इमारत या गाळ्याच्या पुनरावृत्तीने उभी राहते. स्केचअपमध्ये कंपोनंट आणि राइनोत ब्लॉक वापरल्यास एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सगळीकडे उतरते. ऑनलाइन संग्रहांतून उतरवलेल्या खुर्च्या आणि झाडे यांच्या पृष्ठांची संख्या आधी पाहावी. एकच हौशी झाड पूर्ण अभ्यासिकेपेक्षा जड निघू शकते.

रेंडरविषयी थोडक्यात सांगायचे, तर दोन-तीन पुरेत. कॅमेरा 1.5 ते 1.6 मीटर उंचीवर ठेवावा, दगडाचा पोत खऱ्या मापात बसवावा आणि एक तरी चित्र पावसाळी आभाळाखालचे असावे, कारण गोदाकाठच्या इमारतीची कसोटी पावसाळ्यात लागते. गल्लीत उभी केलेली माणसे परदेशी संग्रहातली नसावीत. सायकल, दप्तरे, ओट्यावर बसलेले आजोबा यांची छायाचित्रे स्वतः काढून, चेहरे ओळखू येणार नाहीत अशा आकृत्या करून वापराव्यात.

शीट लावताना छेद आणि तलविन्यास मॉडेलमधून मापासह बाहेर काढावेत व रेषांची जाडी नंतर ठरवावी : कापलेल्या भिंती ठळक, पलीकडचे दिसणारे मध्यम, फरशीच्या रेषा अगदी बारीक. पूर्ण शीट छापण्याआधी तिची एक पट्टी ए-3 कागदावर प्रत्यक्ष मापात छापून मजकूर वाचता येतो का आणि बारीक रेषा उमटतात का, ते पाहावे. फाइलची प्रत रोज नव्या क्रमांकाने दोन ठिकाणी ठेवावी. ज्युरीच्या दिवशी शीटसोबत मॉडेलही उघडून ठेवावे, त्यात लांब छेद, पूरपातळीचा सीन आणि बाजूला ठेवलेले दोन पर्याय तयार असावेत, आणि हे सर्व महाविद्यालयातल्या ज्या संगणकावर दाखवायचे आहे त्याच संगणकावर आदल्या दिवशी एकदा चालवून पाहावे.